मार खाणाऱ्याच्या हातातली मारामारी

"खरी कानाखाली बसल्याशिवाय प्रसंगाला धार येत नाही," हे एकांकिकांच्या तालमींत हमखास ऐकू येतं. ते साफ चूक आहे.

नीट बसवलेल्या थपडेत हात गालाला लागतच नाही. दोघं हाताच्या टप्प्याबाहेर उभे राहतात. मार खाणाऱ्याची पाठ प्रेक्षकांकडे, त्यामुळे मधली फट झाकली जाते. मारणारा आधी डोळ्यांत बघून समोरचा तयार आहे ना हे ताडतो, मगच हात उचलतो. हात चेहऱ्यासमोरून फिरतो आणि त्याच क्षणी मार खाणारा पोटाजवळ स्वतःच टाळी वाजवून मान झटकतो. केस ओढतानाही तसंच. ओढणारा डोक्यावर नुसती मूठ आवळून ठेवतो. समोरचा दोन्ही हातांनी ते मनगट डोक्याशी दाबून धरतो आणि विव्हळत, आपल्याच पायांनी, हवा तेवढाच फरफटतो. सूत्रं मार खाणाऱ्याकडे, हा या विद्येचा पाया.

"याला मर्दानी खेळ येतो, कराटे येतं, वेगळं काय शिकवायचं?" हा दुसरा गैरसमज. प्रतिस्पर्ध्याला चकवणं ही लढणाऱ्याची सवय. इथे प्रत्येक वार आधी कळवायचा असतो. बॉब अँडरसन १९५२च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून तलवारबाजी खेळले होते, पण त्यांचं नाव झालं ते सिनेमातल्या नटांना ठरलेले वार शिकवून. अमेरिकेत १९७७ साली स्थापन झालेली 'सोसायटी ऑफ अमेरिकन फाइट डायरेक्टर्स' निःशस्त्र मारामारी, तलवार, काठी अशा प्रकारांच्या परीक्षा घेते. उत्तीर्ण झालात तरी ती मान्यता तीनच वर्षं टिकते.

धोका ठोशातच असतो, असंही नाही. २६ जुलै १९८२ला बंगळुरात 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन गंभीर जखमी झाले. लोकांनी ठोसा मारणाऱ्या पुनीत इस्सरना दोष दिला. प्रत्यक्षात ठोशानंतरच्या उडीचा अंदाज चुकला आणि टेबलाचा कोपरा पोटात बसला. म्हणून पडायला शिकवणं हा प्रशिक्षणाचा मोठा भाग असतो: आधी गुडघ्यांत वाकून खाली यायचं, हनुवटी छातीशी, भार मांसल भागावर, ताठ हात टेकायचा नाही.

"हत्यार खोटं आहे, चिंता नको," हा मात्र सगळ्यांत घातक समज. १९८४मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने मालिकेच्या सेटवर थट्टेत पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला. आत गोळी नव्हती, फक्त दारूचं काडतूस होतं. त्याच्या धक्क्याने कवटी फुटली आणि तो गेला. २००८मध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये शिलरच्या 'मारिया स्टुअर्ट'च्या प्रयोगात नटाच्या हाती बोथट न केलेला सुरा आला. त्याचाच गळा कापला गेला, सुदैवाने तो वाचला. हत्यार कोणाच्या ताब्यात असेल, कोण तपासेल आणि कोण हातात देईल, हे म्हणूनच ठरलेलं असावं लागतं.

परदेशी व्यावसायिक नाटकांत शंभरावा प्रयोग असला तरी त्याआधी मारामारी एकदा संथ गतीत करून बघतात. त्याला पैसा लागत नाही. तुमच्या एकांकिकेत साधी ढकलाढकली असली तरी तिसऱ्या घंटेआधी ती दोघांकडून संथपणे करून घ्या, आणि त्यांतला एक जण आजारी पडला तर ऐनवेळी बदली उभा करू नका, मारामारीच गाळा.