अडगळीतील राउटर पुन्हा कामाला. मात्र दक्षता हवी

छत्रपती संभाजीनगर : सिडको-हडकोतील दुमजली घरांत दिवाणखान्यात वेगाने चालणारे इंटरनेट वरच्या खोलीत अनेकदा अडखळते. काँक्रीटच्या स्लॅबमधून जाताना रेडिओलहरी क्षीण होतात, हे त्याचे कारण. फायबर जोडणीनंतर कपाटात पडून राहिलेला जुना वायफाय राउटर अशा वेळी उपयोगी पडतो.

प्रथम तो रीसेट करून केबलने संगणकाला जोडावा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर जुन्याला त्याच मालिकेतील, अन्य उपकरणाला न मिळणारा पत्ता द्यावा. उपकरणांना पत्ते वाटणारी 'डीएचसीपी' ही सुविधा जुन्या राउटरमध्ये बंद करावी. पत्ते वाटणारे दोघे झाले, की गोंधळ उडतो. त्यानंतर दोन्ही राउटरचे 'लॅन' पोर्ट केबलने जोडावेत. जुन्याचा 'वॅन' पोर्ट रिकामा ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ व ११ यांपैकी दोन्हींसाठी वेगवेगळे चॅनेल निवडावे.

खर्च केवळ केबलचा असला, तरी सुरक्षेकडे दुर्लक्ष नको. उत्पादकांनी अद्ययावत करणे थांबवलेल्या राउटरांचा हल्लेखोर गैरवापर करीत असल्याचा इशारा अमेरिकेच्या 'एफबीआय'ने मे २०२५ मध्ये दिला होता. त्यामुळे मूळ पासवर्ड बदलावा, दूरस्थ नियंत्रण बंद ठेवावे आणि नवे फर्मवेअर उपलब्ध आहे का, ते पाहावे. किमान 'डब्ल्यूपीए-२' सुरक्षा नसलेला किंवा अद्ययावत होणे थांबलेला राउटर वापरण्याऐवजी ई-कचरा संकलनात देणेच श्रेयस्कर.