वेगळं करण्याची विद्या

मिरीचा तिखटपणा पायपरिन नावाच्या पदार्थातून येतो. औषधासाठी तो मिरपुडीतून शुद्ध काढायचा, तर नेहमीची वाट म्हणजे पूड सेंद्रिय द्रावकात भिजत घालायची. पायपरिन द्रावकात उतरतं खरं, पण त्याच्यासोबत राळ, तेलं, रंग असं सगळंच उतरतं. मग त्या चिकट लगद्यातून हवं ते निवडत बसायचं. माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, म्हणजे आयसीटीत, प्रा. विलास गायकर यांनी या कामाला पाणी वापरून पाहिलं. पायपरिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पण काही क्षार असे असतात की ते पाण्यात भरपूर घातले की न विरघळणारे पदार्थही त्या पाण्यात विरघळू लागतात. त्यांना हायड्रोट्रोप म्हणतात. अशा पाण्यात मिरपूड ढवळली की क्षार पेशींच्या भिंतींत शिरतात, भिंती सैल होतात आणि पायपरिन बाहेर येतं. चोथा गाळून टाकायचा आणि उरलेल्या द्रावणात साधं पाणी ओतायचं. क्षार पातळ होताच त्याची ताकद जाते आणि पायपरिन स्फटिकरूपात तळाशी बसतं. राळ फारशी सोबत येत नाही. द्रावण आटवून पुन्हा वापरता येतं. हे काम २००२ साली प्रसिद्ध झालं. हळदीतलं कुरकुमिनही याच वाटेनं काढता येतं, हे पुढच्या कामानं दाखवलं.

या संस्थेची ओळख करून द्यायला मला हे उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. रसायनशास्त्र म्हटलं की काही तरी नवं बनवणं डोळ्यांसमोर येतं. कारखान्यात मात्र बनवण्यापेक्षा बनलेलं वेगळं करण्यातच जास्त पैसा, जास्त ऊर्जा आणि जास्त पाणी जातं. माटुंग्यानं ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या घोटली आहे. पर्यावरणाला झेपेल असं उत्पादन करायचं, तर आज सगळं अडतं ते याच विद्येपाशी.

संस्थेची स्थापना १ ऑक्टोबर १९३३ ची. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून ती सुरू झाली. म्हणूनच ‘यूडीसीटी’ हे नाव तिला चिकटलं. २००८ साली अभिमत विद्यापीठ होऊन तिचं नाव आयसीटी झालं, तरी जुनी मंडळी यूडीसीटीच म्हणतात. स्थापनेच्या वेळी मुंबईत कापडगिरण्यांचं राज्य होतं आणि रंग परदेशातून यायचे. त्यामुळे सुरुवातीचा भर कापडरसायनावर होता. १९३८ मध्ये संचालक झालेले के. वेंकटरामन रंगरसायनातले जागतिक अधिकारी होते. १९६४ मध्ये, केंब्रिजहून पीएच.डी. करून आलेले मनमोहन शर्मा वयाच्या २७ व्या वर्षी इथे प्राध्यापक झाले. वायू आणि द्रव एकमेकांना भेटतात त्या सीमेवर अभिक्रिया किती वेगानं होते, हा त्यांचा विषय. १९९० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर इथलेच. डॉ. रेड्डीज ही औषध कंपनी उभी करणारे अंजी रेड्डी आणि घरडा केमिकल्सचे केकी घरडा हेही इथेच शिकले. भारतात स्वस्त औषधं बनतात त्यामागे पेटंटच्या कायद्याइतकाच अशा वर्गांचाही वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

औषध स्वस्त झालं, पण कचऱ्याचं काय? रसायनतज्ज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला: एक किलो माल बनवताना किती किलो कचरा निघतो? तेलशुद्धीकरणात तो ०.१ किलोहून कमी निघतो. औषधांत २५ पासून १०० किलोपर्यंत, कधी त्याहूनही जास्त. तारापूर, महाड, लोटे इथल्या औद्योगिक वसाहतींभोवती राहणाऱ्यांना हा हिशेब कोणी समजावून सांगायची गरज नाही. त्यांच्या खाडीच्या पाण्याला येणारा वास तेच सांगतो.

बेन्झिनच्या कड्याला एखादा ॲसिल गट जोडायचा, तर परंपरेनं ॲल्युमिनियम क्लोराइड वापरतात. ते चिमूटभर घालून भागत नाही, मालाच्या बरोबरीनं किंवा त्याहून जास्त लागतं. शेवटी पाणी ओतून ते मोडावं लागतं. मग आम्लाचे धूर निघतात आणि ॲल्युमिनियमच्या क्षारांचं पिंपंच्या पिंपं सांडपाणी मागे उरतं. प्रा. गणपती यादव यांनी अशा एकदा वापरून फेकायच्या आम्लांऐवजी झिर्कोनियासारख्या ऑक्साइडवर बेतलेली घन आम्लं तयार केली. घन उत्प्रेरक गाळून काढता येतो, धुऊन पुन्हा वापरता येतो. त्यांच्या मालिकेचं नाव ‘यूडीकॅट’. जुन्या संस्थेचं नाव त्या पांढऱ्या भुकटीत असं जपलं आहे.

जैवऊर्जेत वेगळं करण्याची हीच विद्या टनांच्या भाषेत बोलू लागली. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं २००८ मध्ये इथे ऊर्जा जैवविज्ञान केंद्र सुरू झालं. ते उभारणारे प्रा. अरविंद लाली मुळात प्रथिनं वेगळी करण्यातले, क्रोमॅटोग्राफीतले जाणकार. ही पार्श्वभूमी पुढे फार कामी आली.

मळीपासून इथेनॉल करणं आपल्या साखर कारखान्यांना नवं नाही. तिथे साखर आयती मिळते. पेंढा, पाचट, पऱ्हाट्या यांतही साखरच असते, पण ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांच्या लांब साखळ्यांत अडकलेली. त्यावर लिग्निन बसलेलं असतं, विटांमध्ये चुना बसावा तसं. आधी ते सैल करायचं, मग विकरांनी साखळ्या तोडायच्या, मग आंबवायचं. त्यातही हेमिसेल्युलोजमधून झायलोजसारख्या पाच कार्बनच्या साखरा निघतात आणि त्यांना नेहमीचं यीस्ट तोंड लावत नाही. विकरं महाग, म्हणून इथल्या प्रक्रियेत काम झाल्यावर ती पातळ पटलांनी साखरेच्या पाण्यातून गाळून परत घेतात आणि पुन्हा कामाला लावतात. औषधी प्रथिनांसाठी शिकलेली युक्ती अशी गव्हाच्या काडाला उपयोगी पडली.

एप्रिल २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला, इंडिया ग्लायकॉल्सच्या आवारात, रोज १० टन काडीकचरा घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. काडी कापण्यापासून आंबवण्यापर्यंत प्रक्रिया सलग चालते. इतर पद्धतींना तीन ते पाच दिवस लागतात, तिथे इथे काडीचं अल्कोहोल २४ तासांच्या आत होतं. वेळ वाचला की टाक्या लहान होतात आणि भांडवल कमी लागतं. विद्यापीठातलं संशोधन इतक्या आकारापर्यंत जाणं आपल्याकडे दुर्मीळ आहे.

काडीची बांधणी सैल करण्याची वेगळी वाट प्रा. अनिरुद्ध पंडित यांच्या गटानं दाखवली. पाणी वेगानं अरुंद छिद्रातून किंवा फिरत्या दात्यांमधून नेलं की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. फुटताना त्या कणाएवढ्या जागेत प्रचंड उष्णता आणि दाब निर्माण होतो. कागदासाठी गव्हाच्या काडातलं लिग्निन काढायला त्यांनी हे वापरून पाहिलं.

आयसीटीपासून थोड्याच अंतरावर, माटुंग्यातच, कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे, सिरकॉट. ती १९२४ ची. तिथे पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र विकसित झालं. झाड न तोडता टेबल आणि कपाट होऊ शकतं, तेही वणीच्या किंवा परभणीच्या शेतकऱ्याला चार पैसे देऊन, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. या दोन संस्थांच्या विषयांची सांगड जितकी घट्ट बसेल तितकं बरं. कारण काडीतून साखर काढल्यावर लिग्निन उरतं, आणि ते नुसतं बॉयलरमध्ये जाळलं तर प्रकल्पाचा ताळेबंद लंगडा राहतो. त्यापासून गोंद, राळ किंवा रसायनं करता आली तर इथेनॉलवरचा भार हलका होईल.

खरी अडचण मात्र प्रयोगशाळेच्या बाहेर आहे. प्रकल्पाला काडी वर्षभर लागते, शेतातून ती मोजक्या आठवड्यांत निघते. ती गोळा करायची, बांधायची, पावसापासून राखायची. वजनाला हलकी आणि आकारानं मोठी म्हणून लांब न्यायला परवडत नाही. प्राज कंपनीच्या तंत्रज्ञानावर पानिपतला इंडियन ऑइलचा दिवसाला १०० किलोलिटरचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. त्याच्यापुढेही हाच प्रश्न आहे. तो सोडवायला रसायनशास्त्रज्ञाला शेतकऱ्याच्या बांधावर यावं लागेल. आयसीटीनं २०१८ मध्ये जालन्यात शाखा सुरू केली आहे. तिच्या चहूकडे कपाशी आणि तूर पिकते. पऱ्हाटी आणि तुराटी तिथे दर हंगामाला बांधावर रचून पडलेली असते.