‘कंपनी’ शब्दाचा अर्थ

‘कंपनी’ हा इंग्रजी शब्द आपल्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, त्याचा अर्थ विचारावा असें कोणास वाटत नाहीं. मूळ लॅटिन भाषेंत ‘कोम’ म्हणजे सह व ‘पानिस’ म्हणजे पाव. एकत्र बसून भाकर खाणारे ते सोबती, आणि अशा सोबत्यांचा मेळ ती कंपनी. आपल्याकडील एका पंगतीची मंडळी म्हणा ना!

पण आपणांकडे हा शब्द पंगतींतून आला नाहीं. 1600 सालीं लंडनच्या व्यापाऱ्यांनीं सनद मिळविली, आणि पुढें 1858 पर्यंत त्यांच्या कंपनीनें येथें राज्यच केलें. म्हणून ‘कंपनी सरकार’. पूर्णेच्या बाजूस तो आगगाडीबरोबर आला. 1900 च्या सुमारास गोदावरी खोऱ्यांतून हैदराबाद-मनमाड मार्ग झाला, तो चालविणारी निजामाच्या हमीची रेल्वे कंपनी होती. ती लंडनांत स्थापन झालेली. निजाम सरकारनें ती 1930 मध्यें घेतली. कंपनी म्हणजे दूरचा, बलवान व परका धनी, ही समजूत अशीच दृढ झाली. नाटक कंपनी तेवढी अपवाद. तिचें बिऱ्हाड एक व पंगतही एक.

आतां शेतकऱ्यांच्याच कंपन्या निघाल्या आहेत. 2002 सालच्या दुरुस्तीनें कंपनी कायद्यांत ‘उत्पादक कंपनी’ आली. दहा उत्पादक एकत्र आले कीं ती नोंदवितां येते. भाग कितीही घ्या, व्यक्तिसभासदास मत एकच. भाग शेअर बाजारांत विकतां येत नाहींत. ते दुसऱ्यास द्यावयाचे तर संचालक मंडळाची संमति लागते. कंपनी बुडाली तर सभासदाची जबाबदारी त्याच्या भागांच्या रकमेपुरती. तिच्या कर्जापायीं त्याच्या जमिनीवर जप्ती येत नाहीं. मात्र त्यानें स्वतः जामीनकी लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी. सही करण्यापूर्वीं कागद वाचावा तो याचसाठीं.

असें असतां भाग घेतलेला सभासदच पुसतो, “कंपनीनें यंदां हळदीस भाव काय दिला?” जणूं कंपनी म्हणजे कोणी तिसराच! मग सभेची नोटीस कोनाड्यांत पडून राहते, आणि पांच संचालक ठरवितील तो भाव. वार्षिक सभेंत ताळेबंद मांडलाच पाहिजे. उरलेल्या नफ्यांतून कोणी किती माल घातला त्या प्रमाणांत बोनस देतां येतो. तो किती व कोणास, हें त्याच सभेंत विचारावयाचें असतें.