पुरातत्त्वाचा अभ्यास : समज आणि वस्तुस्थिती

पदवीनंतर पुरातत्त्व शिकण्याचा मनोदय एखाद्या मुलाने बोलून दाखविला की घरातील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोहरांचे हंडे आणि जन्माची बेकारी अशी दोन परस्परविरोधी चित्रे एकदमच उभी राहतात. आणि दोन्हीही वस्तुस्थितीस सोडून आहेत.

हंड्यांचा निकाल कायद्यानेच लावलेला आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले द्रव्य सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी इत्तला द्यावी लागते, शास्त्रीय उत्खननास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, आणि एवढे सव्यापसव्य करून संशोधकाच्या पदरी बहुधा खापरे, हाडे आणि राखच पडते. मात्र राखही बोलते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत जे उत्खनन केले, त्यातून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेले शेतकऱ्यांचे एक अख्खे गाव उजेडात आले : त्यांच्या चुली, धान्याच्या कणगी, घराच्या जमिनीखाली तोंडास तोंड लावून ठेवलेल्या दोन कुंभांत निजविलेली बालके, आणि घोट्याखाली पावले तोडून पुरलेली प्रौढ माणसे. मृताने परत येऊ नये म्हणून पावले तोडली असावीत, हे अनुमान मनोवेधक असले तरी अनुमानच होय, आणि पुरावा कोठे संपतो व तर्क कोठे सुरू होतो हे ओळखण्याची सवय लावणे, हेच या विषयाचे खरे शिक्षण.

संस्कृत आणि इतिहास येणाऱ्यांचेच हे क्षेत्र, हा समजही तितकाच पोकळ. राखाडी माती पाण्यात कालविली की जळालेले धान्यकण वर तरंगतात. ते सातूचे की गव्हाचे हे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतो, हाडांतून गुरे कोणती व रानातली जनावरे कोणती हे प्राणिशास्त्रज्ञ निवडतो, आणि त्यांचा काळ कार्बनमापनाने ठरतो. म्हणूनच डेक्कन कॉलेजच्या पदव्युत्तर वर्गास कोणत्याही शाखेच्या पदवीधरास आडकाठी नाही.

राहिली उपजीविका. १८६१ साली स्थापन झालेले केंद्रीय सर्वेक्षण, राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, संग्रहालये, विद्यापीठे आणि वास्तुजतनाची कामे एवढी दारे उघडी आहेत. ब्रिटनमध्ये तर बांधकामापूर्वीच्या उत्खननाचा खर्च बहुधा बांधकाम करणाराच सोसत असल्याने खासगी संस्थांतूनही पुरातत्त्वज्ञ नोकरी करतात. आपल्याकडे मात्र सरकारी जागा मोजक्या, जाहिराती अनियमित, आणि मधला काळ हंगामी कामावर काढावा लागतो. तेव्हा घरचा भार तातडीने उचलावयाचा असलेल्या विद्यार्थ्यास हा विषय घे असे सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. इतरांनी प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी हिवाळ्यात एखाद्या उत्खननस्थळी परवानगीने जावे, उन्हात बसून खापरे धुवावीत, त्यांवर क्रमांक घालावेत, आणि तिसऱ्या दिवशीही कंटाळा आला नाही तरच अर्ज करावा.