जयकिशनची बोटं

‘बेगुनाह’ हा किशोरकुमार आणि शकीला यांचा सिनेमा १९५७ साली लागला आणि थोड्याच दिवसांत उतरवावा लागला. डॅनी केच्या ‘नॉक ऑन वुड’ (१९५४) वरून तो उचलला आहे, म्हणून अमेरिकेची पॅरामाउंट कंपनी कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितलं. त्या प्रतींबरोबर एक दृश्यही गेलं: मुकेशचं ‘ऐ प्यासे दिल बेजुबाँ’ सुरू आहे, शकीला नाचते आहे आणि पियानोवर बसला आहे खुद्द जयकिशन, शंकर-जयकिशन या संगीतकार जोडीतला.

गाणं तबकडीवर राहिलं, रेडिओवर वाजत राहिलं. चित्र मात्र साठ वर्षं कुणाच्या हाती लागलं नाही. मग २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला १६ मिलिमीटरची दोन रिळं मिळाली. खराब झालेली, अधलेमधले तुकडे गहाळ असलेली. पण जयकिशन त्यात आहे!

इकडे पूर्व विदर्भात, आसगाव-पवनीच्या पट्ट्यातल्या माणसाला या आनंदाचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. इथल्या झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गनवाला रंगमंचासमोरच बसतो. सूर कानावर येतो तेव्हा तो काढणारी बोटंही डोळ्यांसमोर असतात. सिनेमाने ती बोटं कायमची पडद्याआड नेली. ज्याच्या चालींवर देश झुलला, तो वाद्यापाशी कसा बसायचा, मान कशी हलवायचा, हे बघायची सोयच राहिली नाही.

रिळं १६ मिलिमीटरची होती, हेही मला विलक्षण वाटतं. थिएटरात चालायची ती ३५ मिलिमीटरची पट्टी. तिच्या एका चौकटीत १६ मिलिमीटरच्या चारेक चौकटी सहज मावतील. ही धाकटी पट्टी हलकी. क्लब, शाळा, फिरते खेळ यांच्यासाठी. जुनी ३५ मिलिमीटरची फिल्म बरेचदा नायट्रेटची असायची, भडकन पेटणारी. १६ मिलिमीटरची पहिल्यापासून न भडकणाऱ्या अॅसिटेटवरच निघाली. शिवाय कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, त्या चांदीसाठी कितीतरी जुने सिनेमे वितळवले गेले. एवढ्या सगळ्यांतून, वर कोर्टाच्या हुकमातूनही, ही दोन रिळं सुटली.

आता त्या बोटांकडे नीट बघा. गाणं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतं आणि चित्रीकरणाच्या वेळी भोंग्यावर लावतात, ही आपल्याकडची जुनी रीत. म्हणजे दिसणारी बोटं एका दिवसाची आणि ऐकू येणारा पियानो दुसऱ्या दिवसाचा. संगीतकार स्वतःच्याच चालीवर अभिनय करतो आहे! यामुळे माझं कुतूहल जास्तच वाढतं, कारण कुठे थांबायचं, कुठे जोर द्यायचा, हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक असणार?

पियानो दिसला की कुणाला जॅझ आठवेल; हे गाणं काही जॅझ नव्हे. पण जॅझ या जोडीच्या घरात फार आधी शिरलं होतं, ते गोव्याच्या वादकांबरोबर. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली ही मंडळी मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला हजर असायची. शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदाची बांधणी करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. १९६८ मध्ये या जोडीची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी आली: अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, पियानोवर लुसिला पाचेको. रागाची बढत आणि जॅझमधली उत्स्फूर्त फिरत, दोन्हींत वादक चौकट सांभाळून त्याच क्षणी नवं रचत जातो. म्हणून हा मेळ ओढूनताणून जमवलेला वाटत नाही. या तबकडीनंतर तीनच वर्षांनी, १९७१ साली, जयकिशन गेला, तेव्हा तो जेमतेम एक्केचाळीस वर्षांचा होता.

‘बेगुनाह’चे गहाळ तुकडे अजून कुठे असतील तर ते अशाच एखाद्या गंजक्या डब्यात असणार. फिरत्या सिनेमाचा जुना डबा कुणाच्या माळ्यावर असेल, तर तो उघडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अॅसिटेट कुजू लागलं आहे, एवढंच समजावं. भंगारात घालू नये, थंड आणि कोरड्या जागी ठेवून पुण्याच्या संग्रहालयाला कळवावं.