गांजाविषयी लोकांना विचारायचे ते कसे?

आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळाने गांजा कायदेशीर करावा की नाही, याविषयी गावात जनमत पाहणी करायचे ठरवले आहे. असला विषय चर्चच्या अंगणात कशाला, असे काही वडीलधाऱ्यांनी विचारले. पण उसाच्या फडात लपवलेली झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तेव्हा विषय शेतीचा आहे, आणि आरोग्याचा तर आहेच.

मंडळाची प्रश्नावली आम्ही पाहिली. पहिलाच प्रश्न असा: ‘तरुण पिढीचा नाश करणाऱ्या गांजाला सरकारने मोकळीक द्यावी का?’ हा प्रश्न नव्हे, हे प्रवचन झाले. आणि प्रवचने आम्ही दर रविवारी देतोच. उलट ‘कर्करोगाच्या रुग्णाला आराम देणाऱ्या वनस्पतीवर बंदी का असावी?’ असे विचारले, तर त्याच घरातून दुसरे उत्तर येईल. दोन्ही उत्तरे विचारणाऱ्याची, सांगणाऱ्याची एकही नाही.

आधी आपण कशाबद्दल विचारतो ते ठरवले पाहिजे. १९८५ च्या मादक पदार्थविषयक कायद्यात झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांवाचूनची नुसती पाने व बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून काही राज्यांत भांग परवान्याने विकली जाते. ‘कायदेशीर’ या शब्दाचेही तसेच. कोणाला औषधापुरती मुभा हवी असते. कोणाला वाटते, विक्री बंदच राहावी, पण ओढणाऱ्या पोराला तुरुंगात टाकू नये. (आज गांजा सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही, विनापरवाना लागवडीला मात्र दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. शेतकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) कोणाच्या मनात फक्त धाग्यासाठी लावायचे झाड असते, उत्तराखंडाने तशा कमी नशेच्या वाणाला परवानगी दिलीही आहे. या सगळ्यांना एकाच ‘होय’च्या गोणीत कोंबून काय कळणार?

अमेरिकेत हे फार स्पष्ट दिसले. तेथील गॅलप संस्था १९६९ पासून हा प्रश्न विचारते: कायदेशीर करावा की करू नये. त्या वर्षी १२ टक्के ‘करावा’ म्हणाले, २०२३ साली ७० टक्के. प्यू या दुसऱ्या संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये तीन पर्याय दिले, तेव्हा औषध आणि मौज दोन्हींसाठी मुभा मागणारे ५७ टक्के निघाले, फक्त औषधासाठी म्हणणारे ३२, आणि अजिबात नको म्हणणारे ११. देश तोच, लोक तेच. पर्याय वाढवताच आकडा हलला.

आता विचारायचे कोणाला? मंडळाचा बेत मिस्सानंतर चर्चच्या दाराशी कागद वाटण्याचा होता. माती परीक्षणासाठी नमुना कसा घेतात ते आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती घेत नाहीत. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची घेतात. चर्चचे दार म्हणजे खताच्या ढिगाजवळची जागा! तेथे सगळेच कसदार दिसणार. गावाचे मत हवे असेल तर मतदार यादी घ्यावी, पहिले नाव चिठ्ठी टाकून काढावे आणि तेथून दर दहावे नाव धरावे. घराला कुलूप असेल तर संध्याकाळी पुन्हा जावे, शेजारच्या घरात शिरू नये. आणि यादीत नाव सूनबाईचे असेल तर उत्तर सूनबाईनेच द्यावे, मामंजींनी नव्हे.

सर्वांत नाजूक गोष्ट भीतीची. ‘तुम्ही गेल्या वर्षात गांजा ओढला का?’ याला कोण खरे सांगेल? अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ स्टॅन्ली वॉर्नर याने १९६५ साली अशा प्रश्नांसाठी एक युक्ती सुचवली. तिचे सोपे रूप असे: माणसाने आडोशाला नाणे उडवावे. छापा पडला तर मुकाट्याने ‘होय’ लिहावे, काटा पडला तर खरे लिहावे. चारशे माणसांत सुमारे दोनशे ‘होय’ नाण्याचेच असतात. एकूण २३२ आले, तर वरचे ३२ उरलेल्या दोनशेंतले, म्हणजे सुमारे १६ टक्के. कोणाचा ‘होय’ कशामुळे, हे देवाखेरीज कोणाला कळणार नाही. नाणे नेमके निम्मे पडत नाही, म्हणून आकडा ढोबळच समजावा. थोड्या माणसांत ही युक्ती उपयोगाची नाही.

आपल्या देशात याविषयी मोठी चौकशी पूर्वी झाली आहे. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने गांजा, चरस व भांग वेगवेगळे मानून छापील प्रश्न पाठवले आणि १,१९३ जणांचे म्हणणे नोंदवले. सदस्यांत कपूरथळ्याचे कुंवर हरनामसिंग हे ख्रिस्ती गृहस्थ होते. पुढे देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री झालेल्या राजकुमारी अमृत कौर त्यांच्या कन्या. कमिशनने संपूर्ण बंदीची शिफारस केली नाही. पण साक्षीदारांत निम्म्याहून अधिक सरकारी अधिकारी व वैद्यकीय व्यवसायातले होते. म्हणजे पुन्हा बांधाजवळचीच माती.

ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही झाकून ठेवत नाही. औषधोपचाराखेरीज मादक पदार्थ घेणे ती गंभीर दोष मानते, आणि पोप फ्रान्सिस यांनी जून २०१४ मध्ये मौजेच्या मादक पदार्थांना मुभा देण्यास उघड विरोध केला. पण शिकवण सांगणे वेगळे आणि लोकांच्या मनात काय आहे ते ऐकणे वेगळे. दहापैकी चार घरे मुभा द्या म्हणत असतील, तर ते आम्हाला कळायला हवे. ज्या घरात पोरगा व्यसनात सापडला आहे आणि आईबाप पोलिसांच्या धाकाने गप्प आहेत, त्या घराचेही मत त्यात यायला हवे.

पाहणीच्या दिवसांत आम्ही त्या वाड्यांकडे फिरकणार नाही. मंडळाने आधी दहा घरांत कागद वाचून दाखवून कोठे अडते ते पाहावे, ‘सांगता येत नाही’ असाही एक चौकोन ठेवावा, आणि कागदावर नाव किंवा घर क्रमांक मुळीच लिहू नये. कुलूप लावलेली पेटी घरोघरी न्यावी. घडी ज्याने त्याने आपल्या हाताने आत टाकावी. पेटी आमच्या बंगल्यात ठेवा, अशी सूचना आली होती. ती आम्ही नाकारली आहे. किल्ली शाळेच्या हेडमास्तरांकडे राहील.