अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन आणि कायदा

"अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, याला काही लागत नाही." ड्रोन विकणारा दुकानदार हे सांगतो, यूट्यूबवर हेच ऐकू येतं आणि ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी शंका काढली की चार जण हेच उत्तर देतात. हे वाक्य ऐकून ऐकून आता चीड येते. ते धडधडीत खोटं असतं तर बरं झालं असतं, लोकांनी निदान तपासून तरी पाहिलं असतं. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच त्याच्यावर विसंबून पोरं विमानतळाच्या कुशीत ड्रोन उडवतात.

आधी यातलं खरं काय ते पाहू. आपल्याकडे 25 ऑगस्ट 2021 पासून 'ड्रोन नियम, 2021' लागू आहेत. त्यांत वजनावरून पाच वर्ग केले आहेत. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत लहान, 150 किलोपर्यंत मध्यम आणि त्यावर मोठा. नॅनो ड्रोनला तीन सवलती आहेत. रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही (नियम 36), तृतीय पक्ष विमा लागत नाही (नियम 44) आणि त्या मॉडेलला सरकारी प्रकार-प्रमाणपत्र असण्याची सक्ती नाही. सवलती इथे संपतात.

नोंदणीची सवलत या यादीत नाही. नियम 14 सांगतो की सरकारच्या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, घेतल्याशिवाय कोणीही ड्रोन उडवू नये. यातून सूट आहे ती संशोधन व शिक्षण संस्थांसारख्यांना, तीही प्रयोगांसाठी आणि अटींसह. रविवारी सकाळी टेकडीवर ड्रोन घेऊन जाणारा त्यात बसत नाही, मग ड्रोन कितीही हलका असो. नोंदणीचं शुल्क 100 रुपये आहे आणि नियम मोडल्यास दंड 1 लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

मग हा समज आला कुठून? एक तर अमेरिकेतून. तिथे केवळ छंदासाठी उडवायचा, 250 ग्रॅमपेक्षा हलका ड्रोन नोंदवावा लागत नाही, आणि ड्रोनवरचे बहुतेक व्हिडिओ आपण तिथलेच पाहतो. दुसरं म्हणजे आपल्याकडच्या 2018 च्या जुन्या नियमावलीत 50 फुटांपर्यंत उडणाऱ्या नॅनोला मर्यादित सूट होती. ती नियमावली केव्हाच इतिहासजमा झाली, पण ऐकीव माहिती तशीच फिरत राहिली.

नोंदणी हा तरी कागदाचा प्रश्न आहे. खरा धोका पुढे आहे. वजनावरून ठरतं ते तुम्हाला कोणती कागदपत्रं लागतील एवढंच. कुठे उडवता येईल हे जागेवरून ठरतं आणि तिथे 249 ग्रॅमचा ड्रोन आणि 20 किलोचा ड्रोन यांत काडीचाही फरक नाही. सायकलला लायसन्स लागत नाही म्हणून ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नेता येत नाही, तसंच हे.

सरकारने सप्टेंबर 2021 मध्ये देशाच्या हवाई क्षेत्राचा नकाशा प्रसिद्ध केला. तो कोणालाही फुकट पाहता येतो. हिरव्या भागात जमिनीपासून 400 फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर येते. 8 किलोमीटरच्या आत हिरवं काही नाहीच. तिथला पिवळा भाग असेल तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी आणि लाल असेल तर थेट केंद्र सरकारची. आता आपली गावं डोळ्यांपुढे आणा. जुहू चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर हेलिकॉप्टरांची ये-जा असलेला विमानतळ आहे. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, खडकवासल्याला एनडीए. गोव्यात दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या हंसा तळावर आहे. सुट्टीत ड्रोन बाहेर काढायचा मोह नेमका अशाच ठिकाणी होतो, आणि इथे उतरणाऱ्या वैमानिकाला समोरून येणारी वस्तू नॅनो वर्गातली आहे, याने काहीही दिलासा मिळणार नाही.

वजनाबद्दलही एक गोष्ट बारकाईने पाहायला हवी. कायद्यात मोजतात ते उडतानाचं एकूण वजन. खोक्यावर 249 ग्रॅम छापलेलं असतं ते मूळ बॅटरीसह. पंख्यांभोवती गार्ड लावले, वरून दिवा चिकटवला की ड्रोन 250 च्या पुढे गेलाच. जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी घातली तर काही मॉडेलं 290 ग्रॅमच्या आसपास जातात. म्हणजे ड्रोन मायक्रो झाला आणि विमा लागू झाला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पूर्ण जोडणीसह एकदा ठेवून पाहा.

बाकीचे गैरसमज झटपट उरकता येतील.

"शेत माझं, गच्ची माझी." जमीन तुमची असेल, हवाई क्षेत्र नाही. नकाशातला रंग सात-बारा पाहून बदलत नाही.

"लग्नाचं शूटिंग म्हणजे काही विमान चालवणं नव्हे." 250 ग्रॅमच्या वरच्या ड्रोनने पैसे घेऊन चित्रीकरण केलं तर ते व्यावसायिक झालं. त्याला पायलट प्रमाणपत्र लागतं. छंदासाठी 2 किलोपर्यंत ते लागत नाही.

"हिरवा भाग आहे, आता कोण अडवणार?" पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी कोणताही भाग 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल घोषित करू शकतो. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढत असतात. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग हे पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले आहेत आणि हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अशा ठिकाणी त्या त्या खात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

"भाऊ दुबईहून येताना आणेल." तयार ड्रोनच्या आयातीवर 9 फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण व सुरक्षेची कामं सोडली तर तिला अपवाद नाही.

"जुना घेतला, नोंदणी आधीच्या मालकाची आहेच." ती रीतसर तुमच्या नावावर करून घ्यावी लागते.

हे सगळं इतक्या पोटतिडकीने सांगण्याला कारण आहे. 2024 च्या पावसाळ्यात पुणे आणि बीड जिल्ह्यांतल्या अनेक गावांत रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी माणसं धास्तावली. चोरांनी टेहळणी चालवली आहे, असा समज पसरला आणि लोक रात्र रात्र जागले. आकाशातला ड्रोन कोणाचा हे कोणालाच सांगता येत नसेल तर भीती वाढणारच, आणि तिची झळ सरळमार्गी हौशी माणसालाही बसते. ओळख क्रमांक असेल तर पोलिसांना निदान मालकापर्यंत पोचता येतं.

तेव्हा ड्रोन घेतलात तर आधी नोंदणी करा आणि उडवायच्या दिवशी, उडवण्यापूर्वी, नकाशा उघडून पाहा. आदल्या आठवड्यात पाहिलेला चालणार नाही. जागा लाल दिसली तर ड्रोन पिशवीतच राहू द्या. दुकानदार काहीही म्हणाला तरी दंड तुमच्या नावाने येतो.